पाण्याकाठची फेरी आणि माडीवरचा भाडेकरू

माझे वडील बऱ्हाणपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत फरशी होती, आणि त्या फरशीवर खडूनं शहर काढायचा त्यांना नाद होता. आधी तापीची जाड रेघ ओढायची. मग तिला येऊन मिळणारी उतावळी, जरा वाकडीतिकडी. मधल्या जागेत गाव. आई दुसऱ्या दिवशी फरशी पुसायची, तरी दोन-चार दिवसांनी नवं बऱ्हाणपूर तयार असायचं.

हे सगळं एका फेरीसाठी चाललेलं असे. पाणी कुठंही न सोडता अख्ख्या गावाभोवती पायी चालून यायचं, अशी अण्णांची इच्छा होती. राजघाटावरून निघायचं, तापीच्या काठानं खाली खाली जायचं, संगमापाशी वळून उतावळीच्या काठानं वर यायचं. पाणी डाव्या हाताला, गाव उजव्या हाताला. "म्हणजे प्रदक्षिणाच की गं ती," असं ते मला सांगायचे. अडचण एकाच ठिकाणी होती. उतावळी सोडून परत तापीवर यायचं तर मध्ये मोठा कोरडा पट्टा लागायचा. तिथं पाणी नाही, मग फेरी पुरी कशी व्हायची, इथं येऊन त्यांचा खडू थांबायचा.

मी त्यांची एकुलती एक. पडवीत त्यांच्याजवळ बसून खडू हातात द्यायचं काम माझं. परकरात होते तेव्हा एकदा मी म्हटलं होतं, "अण्णा, कुंड्यांवरून आलो तर? तिथं खाली पाणी आहेच की."

कुंड्या म्हणजे लालबागेकडून गावात येणारी जुन्या विहिरींची रांग. वरून नुसती गोल तोंडं दिसतात, पण खाली एकीतून दुसरीत पाणी वाहत असतं. गावानं पिढ्यान्पिढ्या ते पाणी प्यायलं. अण्णा तेव्हा हात झटकत उठत होते. "हं," एवढंच म्हणाले आणि जेवायला गेले.

दर हिवाळ्यात ते म्हणायचे, "यंदा जाऊच." मी त्यात स्वतःला धरून चालले होते. जाऊ म्हणजे कोण, हे विचारायची मला कधी गरजच वाटली नाही.

मग राज्यं बदलली. आमची राजधानी नागपूर होती, ती एकदम भोपाळ झाली. विदर्भ मुंबईकडं गेला आणि आम्ही नव्या मध्य प्रदेशात राहिलो. शाळांत, कचेऱ्यांत एकच बोलणं चालू असायचं, कोण इकडं राहणार आणि कोण तिकडं जाणार. नोकरदारांकडून तसं लिहून घेत होते. आईचं माहेर अकोल्याचं. तिचे दोन्ही भाऊ तिकडं, आणि अण्णांनीही तिकडं बदली मागावी असं ते सारखे कळवत होते. अण्णा त्यावर काही बोलायचे नाहीत. मी तेव्हा मॅट्रिक होऊन मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवायला लागले होते.

त्याच सुमारास ग्वाल्हेरकडून एक ओव्हरसियर बदलून आला. सडपातळ, हसरा, वय सव्वीस-सत्तावीस. त्याला खोली हवी होती आणि आमची माडी रिकामी होती. त्याला मराठी येत नव्हती, आम्हाला हिंदी येत होती, त्यामुळं अडलं काहीच नाही. येऊन आठवडा झाला असेल-नसेल, एका सकाळी तो विहिरीवरून तोंड धुऊन पडवीतून जात होता. फरशीपाशी थबकला.

"मास्टरजी, ये तो अपना शहर है!"

अण्णांनी चष्मा वर केला. आजवर फरशीवरचं ते चित्र पाहून कुणी असं म्हटलं नव्हतं. आलेगेले त्यावरून पाय देऊन जायचे. अण्णांनी त्याला खाली बसवलं आणि फेरी समजावून सांगितली. तो ऐकत राहिला, मध्ये मध्ये नेमकं विचारत राहिला. कोरड्या पट्ट्यापाशी आल्यावर त्यानं अण्णांच्या हातातला खडू घेतला. विचारलं नाही, नुसता घेतला. टिंब टिंब काढत तो म्हणाला, "वो जो कुंडियाँ हैं लालबाग की तरफ, उनके ऊपर-ऊपर क्यों न आएँ? पानी तो नीचे चल ही रहा है."

अण्णांनी मांडीवर थाप मारली. "अरे वा! ये तो मेरे दिमाग में आया ही नहीं!"

मी दारात उभी होते. हातात दोघांसाठी चहा होता. मला वाटलं, आता अण्णा वळून माझ्याकडं बघतील, म्हणतील की ही पण लहानपणी असंच काहीतरी म्हणाली होती. ते वळले, माझ्या हातातून कप घेतला आणि आधी त्याला दिला.

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे जळायला लागलं ते पुढं बराच काळ विझलं नाही.

दर रविवारी दोघं फेरीचा एकेक तुकडा पाहून यायला लागले. एकदा राजघाटापासून नागझिरी घाटापर्यंत, एकदा तिथून पुढं केळीच्या मळ्यांतून. कुणाच्या मळ्याचं कुंपण पार पाण्यापर्यंत आलंय, कुठं दरड कोसळलीय, कुठल्या नाल्यावर दगड टाकलेत, हे सगळं बघून चिखलाचे पाय घेऊन परत यायचे आणि पडवीत बसून रेघ पुसून नवी काढायचे. मी आत भाकऱ्या थापत असे. बाहेरून अण्णांचं हसू ऐकू यायचं. अण्णा शाळेत कडक म्हणून प्रसिद्ध होते, घरातही मोजकंच हसायचे. त्यांना एवढं हसता येतं हेच मला माहीत नव्हतं. तो आधी त्यांचा 'ओव्हरसियर साहब' होता. दिवाळी झाली आणि तो 'बेटा' झाला.

शेजारच्या काकूंना वाटलं, मी त्या मुलाकडं बघत असते. त्यांनी आईच्या कानावर घातलंही. आईनं मला स्वयंपाकघरात विचारलं, "काय गं, काही आहे का तसं?"

"मला तो डोळ्यांसमोर नको झालाय," मी म्हटलं.

आईनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि पिठाची परात पुढं ओढली.

संक्रांतीनंतर अख्खी फेरी एका दिवसात करायचं ठरलं. मी धीर करून म्हटलं, "अण्णा, मी पण येते."

"तू? अगं, दिवसभराची चाल आहे. काटेकुटे, चिखल. आणि लोक काय म्हणतील?"

"इतकी वर्षं तुम्ही मलाच सांगत होता ना?"

"सांगणं वेगळं," अण्णा म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

तो जिन्यात उभा होता, त्यानं सगळं ऐकलं असावं. खाली येऊन म्हणाला, "मास्टरजी, इन्हें भी चलने दीजिए न. रास्ता तो हमने देख ही लिया है, कोई मुश्किल नहीं."

अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं, थोडा विचार केला. मग मला म्हणाले, "बरं, चल. पण चपला धड घाल."

मला हवं होतं ते मिळालं आणि त्या क्षणी ते नकोसं झालं. माझ्या बापाबरोबर चालायची परवानगी मला माडीवरच्या भाडेकरूनं मिळवून दिली होती. नाही येत म्हणावंसं वाटलं. पण नाही म्हटलं असतं तर ते दोघंच गेले असते.

पहाटे निघालो. राजघाटावर धुकं होतं, नदीतल्या दगडी हत्तीची नुसती पाठ दिसत होती. अण्णांनी पाण्याला हात लावून डोळ्यांना लावला, त्यानंही लावला, मग मीही. पुढं ते दोघं आणि मागं मी, अशी चाल सुरू झाली. पायवाट अरुंद होती, तिघं शेजारी शेजारी मावत नव्हते, आणि दोघांत तिसरी मागं राहणार ती मीच, हे कुणाला ठरवावं लागलं नाही.

सकाळ सुंदर होती, हे मी आज कबूल करते. कपडे आपटल्याचा आवाज पाण्यावरून लांबवर येत होता. वाळूत टरबुजांच्या वाड्या लावायला लोक आळी खणत होते. केळीच्या पानांवरून दव टपटपत होतं. पण माझे कान अण्णांच्या बोलण्याकडं होते. ते गोष्टी सांगत होते. लहानपणी महापुरात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, आजोबांनी त्यांना कुठल्या डोहात पोहायला ढकललं होतं, लग्नानंतर आई पहिल्यांदा घाटावर आली तेव्हा तिचा लोटा कसा वाहून गेला होता. लोट्याची गोष्ट मी शंभरदा ऐकलेली. पण आज अण्णा ती हिंदीतून सांगत होते, त्याच्याकडं तोंड करून. माझ्याच घरातल्या गोष्टी मला परक्या भाषेत, दुसऱ्याच्या पाठीमागून ऐकाव्या लागत होत्या. काही गोष्टी तर मला नव्याच होत्या. आजोबांचं आणि अण्णांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

संगमावर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. झाडाखाली बसून मी भाकरी, ठेचा, कांदा काढला. आमचा भाडेकरू ठेचा खाऊन नाकाडोळ्यांतून पाणी काढत होता आणि आणखी मागत होता. अण्णा खूश होऊन बघत होते. मग एकदम गंभीर झाले आणि त्याला म्हणाले, "बेटा, मैंने लिख के दे दिया. मैं यहीं रहूँगा. उधर नहीं जाना."

माझा घास हातातच राहिला.

"कधी लिहून दिलंत?" मी मराठीतून विचारलं.

"झाले आठ-दहा दिवस."

"आईला माहीत आहे?"

अण्णा पाण्याकडं बघायला लागले. "सांगणार होतो."

तो समजला. हात धुवायचं निमित्त करून उठला आणि लांब जाऊन पाण्याशी बसला. मला त्याच्या त्या समजूतदारपणाचासुद्धा राग आला. अकोला की बऱ्हाणपूर, यावर आमच्या घरात वर्षभर कुणी मोकळं बोललं नव्हतं. आई रात्रंदिवस तेच मनात घोळवत होती. आणि अण्णांनी ते पहिल्यांदा तोंडातून काढलं ते कालपरवा आलेल्या माणसापाशी.

"आम्ही कोण आहोत तुमचे?" मी विचारलं.

"असं काय बोलतेस पोरी? तुम्हाला सांगायचं म्हणजे..." ते अडखळले. "तुमच्यासमोर मला खात्रीनं सांगावं लागलं असतं. त्याला नुसतं सांगता येतं."

तेव्हा मला ते उत्तर आणखीच झोंबलं. आज कधी कधी वाटतं, ते खरंच होतं.

उतावळीच्या काठानं वर निघालो. लोधीपुऱ्याच्या अलीकडं एक लहान नाला उतावळीला येऊन मिळतो, त्यावर लोकांनी दगड टाकले होते. ओव्हरसियर आधी पार झाला. अण्णांचं लक्ष नसावं, शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला आणि ते बसकण मारल्यासारखे पाण्यात बसले. आम्ही दोघांनी धरून काठावर आणलं. घोटा बघता बघता सुजला.

"माझ्या खांद्यावर हात टाका अण्णा," मी म्हटलं.

त्यांनी टाकला. मी त्यांचं वजन पेलत चार-पाच पावलं गेले. मी पेलू शकत होते, आजही सांगते, पेलू शकत होते. पण काठ चढणीचा होता आणि माझी साडी ओली होऊन पायात अडकत होती. तो आमच्या पुढं येऊन पाठमोरा खाली वाकला.

"आइए मास्टरजी."

"अरे नहीं नहीं..."

"आइए तो."

अण्णांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. त्याच्या गळ्याभोवती दोन्ही हात टाकले आणि लहान मुलासारखे त्याच्या पाठीवर बसले. तो उठला, दोन पावलं डगमगला, मग चालायला लागला. मी मागून तिघांच्या चपला, काठी आणि भाकरीचं फडकं घेऊन चालत होते. अण्णा त्याच्या कानाशी काहीतरी म्हणाले आणि तो इतका हसला की त्याला थांबावं लागलं. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही.

रस्त्याला टांगा मिळाला. कुंड्यांचा तुकडा राहिलाच.

घरी आईनं आंबेहळद उगाळून लेप लावला. अण्णांनी लेप लागत असतानाच तिला सांगून टाकलं, की आपण इथंच राहतोय, तसं लिहून दिलंय. आईचा हात थांबला नाही.

"या दोघांना माहीत आहे?" तिनं विचारलं.

"आज सांगितलं."

"आधी कोनाले?" आई चिडली की तिच्या तोंडून अकोला बोलायचं.

अण्णांची नजर दाराकडं गेली. आईनं दारात उभ्या असलेल्या त्याच्याकडं पाहिलं, लेपाची वाटी बाजूला ठेवली आणि त्याला म्हणाली, "बैठो भाऊ, चाय लाती हूँ." स्वयंपाकघरात आल्यावर मात्र चुलीशी बसून पदरानं डोळे पुसले.

"तुला अकोल्याला जायचं होतं ना?" मी विचारलं.

"मला कुठंच जायचं नव्हतं गं. तिकडं भावजयांच्या हाताखाली कोण राहतंय? पण मला विचारायला तर पाहिजे होतं. मी हेच म्हणाले असते."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की त्या घरात जळणारी मी एकटी नव्हते.

पावसाळ्याआधी त्याची जगदलपूरला बदली झाली. अण्णा लंगडत लालबाग स्टेशनपर्यंत गेले. दराब्याचा, आमच्याकडच्या रव्या-तुपाच्या मिठाईचा, डबा दिला. गाडी सुटताना तो खिडकीतून म्हणाला, "मास्टरजी, बाकी का टुकड़ा मैं आकर पूरा करूँगा. मेरे बिना मत करना." असं सगळेच म्हणतात, गाडी सुटताना. अण्णांनी ते मनावर घेतलं.

हिवाळा आला. माझ्या मनात आलं, आता आपली पाळी. "अण्णा, कुंड्यांचा तुकडा करू या का रविवारी?"

"त्याला येऊ दे," अण्णा म्हणाले. "तिघांनी सुरू केलं, तिघांनीच पुरं करू."

फरशीवरचं शहर चालूच राहिलं. आता त्यात तापीपलीकडचा जैनाबादचा काठही आला होता, 'बेटा' परत आला की ही मोठी फेरी करायची म्हणून. खडू मीच द्यायचे. सुरुवातीला त्याची दोन पत्रं आली, नंतर थांबली. अण्णांनी तक्रार केली नाही. दर वर्षी म्हणायचे, "कामात असेल. यंदा येईल." आणि मला, शेजारी बसलेल्या मला, त्या न येणाऱ्या माणसाचा पुन्हा पुन्हा हेवा वाटायचा. समोर असता तर भांडता तरी आलं असतं. गेलेल्या माणसाशी काय भांडायचं?

शेवटी एका वर्षी मी माझ्या वर्गाच्या मुलींना घेऊन कुंड्यांची सहल काढली. लालबागेपासून निघालो आणि एका कुंडीवरून दुसरीकडं, शेतांतून, बाभळींतून, कुंड्यांचं पाणी गावात जिथं येऊन साठतं त्या जाळी करंजापर्यंत आलो. मुली प्रत्येक कुंडीत वाकून हाका मारायच्या आणि खालून आवाज आला की खिदळायच्या. तिथून त्यांना घरी पाठवून मी एकटी राजघाटावर गेले आणि पाण्यात पाय सोडून बसले. आनंद झाला का? थोडा झाला. जास्त वाटलं ते एवढंच, की शेजारी कुणीतरी असायला हवं होतं.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते आधी रागावतील असं वाटलं. पण त्यांनी चष्मा पुसला आणि विचारत सुटले. रांग कुठं तुटते? वाटेत नाला लागला का? पाण्याचा आवाज वरून येतो का? मी सांगत होते आणि ते फरशीवर टिंबं सरकवत होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "तुझी फेरी पुरी झाली म्हणायची." खडू खाली ठेवत पुन्हा म्हणाले, "तुझी पुरी झाली." त्यांची स्वतःची शेवटपर्यंत अर्धीच राहिली. घोट्यानं त्यांना पुन्हा लांबचं चालू दिलं नाही, आणि मग हृदयानं.

अण्णा गेल्यावर पुष्कळ वर्षांनी एका दुपारी घरासमोर सरकारी जीप थांबली. तो उतरला. अंगानं भरलेला, केस पिकलेले, मोठ्या हुद्द्यावर पोचलेला. दौऱ्यावर नेपानगरला चालला होता, वाटेत घर आठवलं म्हणून आला. अण्णांच्या तसबिरीपुढं त्यानं मनापासून हात जोडले. आईला वाकून नमस्कार केला. "चाचीजी, आपके हाथ का ठेचा आज तक याद है."

आईनं ठेचा-भाकरी वाढली. तो जेवला, मुलाबाळांचं सांगितलं, बऱ्हाणपूरच्या उन्हाळ्याच्या नावानं हसला. मी वाट बघत होते. शेवटी मीच म्हटलं, "और वो फेरी? बाकी का टुकड़ा?"

"कौन-सी फेरी?"

मला वाटलं, थट्टा करतोय. पण तो खरंच आठवत होता, कपाळाला आठ्या घालून. "हाँ, हाँ... मास्टरजी घूमने के शौकीन थे. एक बार कहीं गिर गए थे न? कोई नाला था. फिर ताँगे में लाए थे शायद."

पाठीवर बसवून आणलंस, मला ओरडून सांगावंसं वाटलं. चढावर, ओल्या पायांनी, माझ्या खांद्यावरून काढून घेऊन आणलंस. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी मी जळले, ती त्याच्यापाशी नव्हतीच. मला बरं वाटायला हवं होतं. पण अण्णांच्या वतीनं मला इतका संताप आला की मी ती सगळी फेरी त्याला सांगायला बसले. राजघाट, नागझिरी, संगम, लोट्याची गोष्ट, शेवाळलेला दगड. तो 'अच्छा, अच्छा' करत ऐकत होता आणि मधूनच बाहेर ड्रायव्हरकडं बघत होता. मी कुंड्यांपर्यंत येण्याआधीच तो उठला. त्याला उशीर होत होता.

जीप गल्लीच्या टोकाला वळली तशी आई आत येऊन पाटावर टेकली.

"विसरला ना?" ती म्हणाली.

"विसरला."

"मग एवढी कशाला जळत होतीस गं त्याच्यावर, इतकी वर्षं?"

मी त्याचं उष्टं ताट उचललं. "अण्णा विसरले नव्हते ना," मी म्हटलं.